आमच्या दिवाळीत राम नव्हता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शाळेतल्या धर्मशिक्षणावर आपल्या अंकात लागोपाठ दोन पत्रं आली. पहिल्या पत्रातले निवृत्त मुख्याध्यापक म्हणतात, इंग्लंडसारख्या पुढारलेल्या देशात पहिलीपासून धर्म सक्तीने शिकवतात, मग आपणच का लाजायचं? दुसऱ्या पत्रातल्या बाई म्हणतात, देवाला शाळेच्या फाटकाबाहेर चपलांशेजारी बसवा. तळमळ दोघांचीही खरी आहे. पण मुख्याध्यापकांनी ज्याचा दाखला दिलाय तो विषय मी इंग्लंडमधल्या लेस्टर शहरात, एका सरकारी प्राथमिक शाळेत, गेली वीस वर्षं शिकवते आहे. त्यांना वाटतं तसं ते नाही. म्हणून हा पत्रप्रपंच.

माझं माहेर मिरज. लहानपणी ताप आला की मिशन हॉस्पिटल, उरूस आला की मीरासाहेबांचा दर्गा आणि पौर्णिमेला नरसोबाची वाडी. यात सांगण्यासारखं काही आहे हे मिरज सुटेपर्यंत कळलं नव्हतं. नवऱ्याच्या नोकरीमुळे लेस्टरला आले, मुलं शाळेत जायला लागल्यावर त्याच शाळेत मदतनीस म्हणून चिकटले. २००५ मध्ये इथे नियम आला की प्रत्येक शिक्षकाला शिकवण्याच्या वेळातला किमान दहा टक्के वेळ तयारीसाठी मोकळा मिळाला पाहिजे. चांगलाच नियम, पण त्या मोकळ्या तासाला वर्गावर उभं कोण राहणार? आमच्या मुख्याध्यापिका मला म्हणाल्या, ‘तू हिंदू आहेस ना? मग आरई तू घे.’ आरई म्हणजे रिलिजस एज्युकेशन. माझी पात्रता एवढीच. पुढे मी रीतसर शिक्षिका झाले आणि हा विषय माझ्याकडेच राहिला, पण आजही इथल्या बऱ्याच शाळांत तो असाच हाताशी सापडेल त्याच्या गळ्यात पडतो. पुढारलेपणाची ही बाजू मुख्याध्यापक महोदयांच्या कानावर असावी.

कायदा थोडक्यात सांगते. १९४४ पासून हा विषय शाळांना बंधनकारक आहे, हे खरं. पण मुलाला या तासाला न बसवण्याचा हक्क पालकांना आहे आणि कारण सांगावं लागत नाही. आमच्यासारख्या शाळेत शिक्षकालाही ‘मी नाही शिकवणार’ म्हणता येतं. त्याहून जुनी गोष्ट १८७० ची: सरकारी पैशाच्या शाळेत कुठल्याही एका पंथाची प्रश्नोत्तरी मुलांकडून घोकून घ्यायची नाही. १९८८ च्या कायद्याने सांगितलं की या देशाची परंपरा मुख्यतः ख्रिस्ती आहे याचं भान ठेवा, पण इथल्या बाकीच्या प्रमुख धर्मांनाही जागा द्या. (चर्चच्या आणि इतर धर्मसंस्थांच्या शाळांचं गणित वेगळं, त्यात शिरत नाही.) एक गोष्ट मला आजवर पटलेली नाही. कायद्याने शाळेत रोज सामुदायिक प्रार्थनाही हवी, तीही ख्रिस्ती वळणाची. आमच्यासारख्या शाळांना सूट मागता येते हे ठीक, पण जे सगळ्यांना करायचं नाही ते कायद्यात ठेवायचं आणि मग सवलती वाटायच्या, हा खास इंग्रजी उद्योग आहे.

त्यातली एक गोष्ट मात्र उचलण्यासारखी. हा अभ्यासक्रम लंडनहून येत नाही, तो गावोगावचा वेगळा असतो. तो ठरवायला एक परिषद बसते, तिच्यात चार गट: चर्च ऑफ इंग्लंड, इतर ख्रिस्ती पंथ आणि धर्म, शिक्षक संघटना आणि स्थानिक प्रशासन. प्रत्येक गटाला एकच मत, आणि चौघांचं एकमत झाल्याशिवाय अभ्यासक्रम मंजूर होत नाही. म्हणजे कुणीही एक अडून बसला की पुन्हा चहा मागवायचा.

आता वर्गात काय होतं ते.

इथल्या शाळांत दिवाळी म्हणजे राम-सीता. अगदी पाच वर्षांच्या मुलांपासून. राम वनवासातून परतला, लोकांनी दिवे लावले, पणती रंगवा, रावणाची दहा तोंडं कापा, झाली दिवाळी. मीही कैक वर्षं हेच मन लावून केलं. पुठ्ठ्याच्या मुखवट्यांना मागून आइस्क्रीमच्या काड्या चिकटवायच्या, दहातलं एक तोंड दरवर्षी गळून पडायचं. बेलग्रेव्ह रोडवरची रोषणाई बघून आलेली गुजराती मुलं माना डोलवायची, कारण बहुतेकांच्या घरी हीच गोष्ट होती. एका वर्षी मी त्यातल्याच एका मुलाला उभं केलं. म्हटलं, ‘तू सांग बरं, तुमच्यात दिवाळीला दिवे का लावतात?’ तो म्हणाला, ‘आमच्यात राम नाही. महावीर मोक्षाला गेले, त्याचे दिवे.’ मुलगा जैन होता. आडनाव ऐकून मी धरून चालले होते. त्याच्या पलीकडे शीख मुलगी बसली होती. तिने लगेच हात वर केला, तिच्या घरी गुरू हरगोविंदसाहेब ग्वाल्हेरच्या किल्ल्यातून सुटले त्याचे दिवे. आणि वर्गातली गोरी मुलं माझ्याकडे अशी बघायला लागली, की बाईंना उत्तर येत नव्हतं वाटतं.

संध्याकाळी भांडी घासताना लक्षात आलं की आठ वर्षांच्या पोराला त्याचं घर ठाऊक होतं आणि मी माझं विसरले होते. आमच्या दिवाळीत तरी राम कुठे होता?

आमच्याकडे पहाटे नरकासुर. आजी राजापूरकडची, त्यामुळे मिरजेतही अभ्यंगस्नानानंतर तुळशीपाशी कारीट ठेवलेलं असायचं. डाव्या पायाच्या अंगठ्याखाली ते फोडायचं, ‘गोविंदा’ म्हणून ओरडायचं आणि कडू बी जिभेला लावून तोंड वाकडं करत फराळाकडे पळायचं. पाडव्याला बळी. ‘इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो’ म्हणत आई ओवाळायची. राम आमच्याकडे चैत्रात यायचा, सुंठवड्याबरोबर.

पुढच्या वर्षी मी मुखवट्यांना सुट्टी दिली आणि चौथीच्या वर्गाला बळीची गोष्ट सांगितली. वामनाने तीन पावलं जमीन मागितली, बळीने दिली, तिसऱ्या पावलाला जागा उरली नाही तेव्हा त्याने आपलं डोकं पुढे केलं. वर्ग गप्प. मग मागून प्रश्न आला, ‘मिस, मग बॅडी कोण?’ वामन तर देव. बळी तर चांगला, दिलेला शब्द पाळणारा. आणि तुमची आई म्हणते बळीचं राज्य परत येऊ दे, म्हणजे ती देवाच्या विरुद्ध आहे का? तीस वर्षं ते वाक्य ऐकलं होतं, हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. ‘विचारून सांगते’ म्हणाले. रविवारी मिरजेला फोन लावला. आई म्हणाली, ‘बाजू कसली त्यात? ओवाळायचं असतं.’ सोमवारी वर्गाला तसंच सांगितलं. एका मुलीने वहीत लिहून ठेवलं की मिसची आई दोन्ही टीममध्ये आहे.

२०१८ ला दिवाळी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात आली, शाळा सुरू होती, म्हणून मैदानाच्या कोपऱ्यात किल्ला केला. किल्ल्यावर हळीव कुठून आणायचं ही चिंता होती, तर इथे बालवाडीतली मुलं अंड्याच्या टरफलात कापूस घालून जे ‘क्रेस’ उगवतात ते आपलं हळीवच निघालं! ट्रे भरभरून होतं. पावसात किल्ल्याचा एक बुरूज रोज खचायचा, रोज नवी तुकडी तो लिंपायची. एका मुलाने कोपरापर्यंत बरबटलेल्या हातांनी विचारलं, ‘मिस, हे हिंदू आहे का?’ मी म्हटलं, हा चिखल आहे. पोलंडहून आलेली एक मुलगी म्हणाली, आमच्याकडे याच दिवसांत, एक नोव्हेंबरला, सगळं घर कबरस्तानात जातं आणि रात्री तिथे इतके दिवे लागतात की कुणालाच भीती वाटत नाही. तिला मी उभं केलं नव्हतं. तिचं तीच बोलली, हातात चिखलाचा गोळा असल्यामुळे असेल.

त्या जैन मुलानंतर मला मिरजेतला आमचा तिसरीचा वर्ग आठवायला लागला. माझ्या बाकावर सतारमेकरांच्या घरातली मुलगी होती. तिच्या घरी सतारीचे भोपळे वाळत टांगलेले असायचे, त्यांच्याखाली बसून आम्ही तासन्‌तास बडबडायचो. एकदा बाईंनी, अगदी प्रेमाने, तिला उभं केलं. ‘सांग गं, तुमच्यात ईदला काय काय करतात?’ ती फ्रॉकची शिवण उसवत उभी राहिली. एरवी तोंडाचा पट्टा बंद न होणारी मुलगी त्या एका ‘तुमच्यात’ने मुकी झाली. चाळीस वर्षांनी तेच मी दुसऱ्या देशात, दुसऱ्या मुलाला केलं, तितक्याच प्रेमाने.

तेव्हापासून माझ्या वर्गात ‘तुमच्यात’ बंद आहे. कुठलंही मूल आपल्या धर्माचं वकीलपत्र घेऊन शाळेत येत नाही. आणि फळ्यावरच्या प्रत्येक वाक्याला ‘काही’ लागतं. ‘काही हिंदू मांस खात नाहीत.’ ‘काही मुसलमान मुली डोकं झाकतात.’ ‘काही ख्रिश्चन दर रविवारी चर्चला जातात.’ सोपं वाटतं, पण जिभेला वळण लागायला मला काही वर्षं लागली. अजून चुकते, आणि चुकले की मुलं तिथल्या तिथे पकडतात. शिक्षकाला पकडायला मिळतं म्हणून हा तास त्यांचा लाडका आहे, असा मला संशय आहे.

२०२१ च्या जनगणनेत लेस्टरमध्ये ख्रिश्चन साधारण २५ टक्के, मुसलमान साडेतेवीस, हिंदू १८ आणि ‘कुठलाही धर्म नाही’ असं लिहिणारे २३ टक्के निघाले. या शेवटच्या घरांतली मुलं आरईच्या तासाला पाहुण्यासारखी बसायची. एक मुलगा तर म्हणाला, ‘वुई आर नथिंग, मिस.’ आम्ही काहीच नाही. मी विचारलं, आजोबा गेले तेव्हा काय केलंत? तर ब्रॅडगेट पार्कच्या टेकडीवर, ओल्ड जॉन नावाचा बुरूज आहे तिथे, त्यांची राख उधळली होती. दरवर्षी आजोबांच्या वाढदिवसाला सगळे थर्मास घेऊन वर चढतात, आजोबांच्या नावाचा एक कप ओततात आणि तो गवतावर रिकामा करतात. आजोबांना चहात तीन चमचे साखर लागायची, म्हणून त्या कपातही तीन. मी माझ्या वडिलांच्या अस्थी वाडीला कृष्णेत सोडल्या ते सांगितलं. आम्हीही त्यांच्या पानात आठवणीने तिखट चटणी वाढतो म्हटलं. मुलगा बराच वेळ विचार करून म्हणाला, ‘मग हा रिलिजन का नाही?’ २०१८ मध्ये इथल्या एका आयोगाने सुचवलं होतं की विषयाचं नाव ‘रिलिजन अँड वर्ल्डव्ह्यूज’ करा, कारण धर्म न मानणाऱ्यालाही जगाकडे बघायची एक नजर असतेच. अहवाल मी वाचला, चांगला आहे. मला तो त्या तीन चमचे साखरेमुळे कळला.

हे सगळं फार गोड वाटायला लागलं असेल, तर सप्टेंबर २०२२ सांगते. त्या महिन्यात लेस्टरमध्ये हिंदू आणि मुसलमान तरुणांचे जमाव समोरासमोर आले. ऑगस्टअखेरच्या भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्यापासून धुमसत होतं, मोबाइलवरच्या अफवांनी तेल ओतलं आणि १७-१८ तारखेच्या शनिवार-रविवारी भडका उडाला. सोमवारी राणीच्या अंत्यविधीची सुट्टी होती. मंगळवारी शाळा भरली. फाटकाशी एरवी घोळक्याने गप्पा मारणाऱ्या आया आपापल्या गाडीत बसून होत्या. हजेरी संपायच्या आत एकाने विचारलं, ‘मिस, तुम्ही कोणाच्या बाजूने?’ माझ्या कपाळावर टिकली होती. मी तोंड उघडणार तेवढ्यात दुसराच कुणी कुजबुजला, ‘दे आर ऑल...’ आणि तिसरी म्हणाली, ‘नॉट ऑल. सम.’ माझी पाठ थोपटून घ्यायला हे सांगत नाही. दुपारी जेवणाची टेबलं वेगळी झालीच, आणि ती पुन्हा मिसळायला नाताळ उजाडला.

मिरजेत सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवातल्या एका कमानीवरच्या चित्रावरून दंगल झाली, संचारबंदी लागली, गणपती मांडवातच राहिले. मी इथून रोज फोन करत होते. तिथल्या शाळा परत भरल्या त्या दिवशी तिसरीच्या वर्गात बाई काय बोलल्या असतील? की सरळ पाढे घेतले? कुणी त्या बाई हे पत्र वाचत असतील तर त्यांनी जरूर लिहावं.

पालकांचं म्हणाल तर सगळ्यात अवघड ‘आपलेच’. वर्गाची मशिदीची सहल ठरली की एखादा फोन मराठीत येतो. ‘ताई, तुम्ही तर आपल्यातल्या. आमच्या मुलाला तेवढं नका नेऊ.’ मी सांगते, तुमचा हक्क आहे, दोन ओळी लिहून द्या, कारण लिहू नका. असाच एक मुलगा मागे राहिला, वाचनालयात बसला. मुलं परत आल्यावर त्याने शेजाऱ्याला विचारलं, ‘आत काय होतं?’ शेजारी म्हणाला, ‘कार्पेट. आणि घड्याळं. खूप घड्याळं, सगळ्यांत वेगळी वेळ.’ पाच नमाजांच्या वेळांची घड्याळं ती. पुढच्या आठवड्यात त्याच्या आईने फाटकाशी मला हळूच विचारलं, ‘त्या घड्याळांचं काय असतं हो?’ मंदिराच्या सहलीआधी मुसलमान वडिलांचा फोन येतो तो प्रसादाबद्दल. त्यावर आमचा नियम सगळीकडे एकच: बघायचं, विचारायचं, करायचं काही नाही. कुणी हात जोडायचे नाहीत, टिळा नाही, पवित्र पाणी नाही. ऑक्सफर्ड स्ट्रीटवरचं जैन मंदिर मूळचं ख्रिस्ती प्रार्थनाघर, त्याला बाहेरून संगमरवर चढवलाय, तिथेही नाही आणि कॅथेड्रलमध्येही नाही. मंदिरातल्या आजी प्रेमाने लाडू देतातच. तो कागदात बांधून दप्तरात जातो, त्याचं काय करायचं ते घरच्यांनी ठरवावं.

तर मुख्याध्यापक महोदय, इंग्लंडमध्ये या तासाला सक्तीचं आहे ते एवढंच. मूल श्लोक, कलमा किंवा प्रार्थना म्हणायला या तासात शिकत नाही. शेजाऱ्याच्या घरी घड्याळं का असतात ते शिकतं.

आणि दुसऱ्या पत्रातल्या बाईंना. आपल्या राज्यघटनेचं कलम २८ पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक उपदेशाला मनाई करतं, आणि ते योग्यच आहे. पण धर्माचं शिक्षण देणं आणि धर्मांविषयी माहिती देणं यात फरक आहे हे कोठारी आयोगाने १९६४-६६ मध्येच मांडलं होतं, आणि धर्मांच्या अभ्यासाला या कलमाची आडकाठी नाही असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये म्हटलं. शिवाय देवाला तुम्ही फाटकाबाहेर बसवलंत तरी तो डब्यातल्या साबुदाण्याच्या खिचडीतून, गळ्यातल्या ताइतातून, दंडावरच्या काळ्या दोऱ्यातून, रोजा धरून झोपाळलेल्या डोळ्यांतून आत येणारच. एका बाकावरच्या पोराने त्याबद्दल दुसऱ्याला विचारलं तर बाईंनी काय सांगायचं, एवढाच प्रश्न आहे.

तरीही आज माझ्या मिरजेतल्या शाळेत हा तास सुरू करा असं मला कुणी विचारलं, तर मी नको म्हणेन. दोन शिक्षकांवर चार वर्ग, त्यातला एक शिक्षक निवडणुकीच्या याद्यांत, आणि हातात वरून आलेलं पुस्तक, ज्यात ‘काही’ हा शब्द नाही. तीस मुलांत एकच मुसलमान किंवा एकच ख्रिस्ती पोर असलं तर त्याची शिवण उसवणारच. आधी डी.एड.च्या वर्गात या ‘काही’ची आणि ‘तुमच्यात’ची घोटून तयारी करून घ्या, चार-पाच वर्षं. मग तालुक्याला ती परिषद बसवा: कीर्तनकार, मौलवी, भन्तेजी, पाद्री, एक पक्का नास्तिक आणि दोन शिक्षिका. एकमत झाल्याशिवाय पान हलायचं नाही. मला ती बैठक बघायची आहे. चहाचा खर्च माझा.

पत्र लांबलं याची जाणीव आहे. जागेअभावी कापावं लागलं तर कायद्याचा भाग कापा, कारिटाचा राहू द्या.

आपली,
एक मिरजकर शिक्षिका
लेस्टर, इंग्लंड